सोक्षमोक्षाची घाई

मोठ्या देशांमधली तेढ वाढली की कोल्हापुरात एक वाक्य हमखास कानावर येतं. गंगावेशीत रात्री दूध प्यायला थांबलेले लोक असोत, बिंदू चौकातली मंडळी असोत, नाहीतर शिरोली एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर चहाच्या गाड्यावर जमलेले कामगार, कुणीतरी म्हणतंच, “एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.” विषय कधी तैवानचा असतो, कधी युक्रेनचा, कधी आपल्याच सीमेचा. म्हणणारा माणूस वाईट नसतो. रोजच्या धमक्या, रोजचे इशारे आणि खाली-वर होणारे भाव यांना तो विटलेला असतो. त्याची तगमग मला समजते. तरीही या वाक्याशी भांडलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण डिसेंबर १९१२ मध्ये जर्मन सेनाप्रमुख मोल्टके याने कैसरपुढे, म्हणजे जर्मन सम्राटापुढे, जे मत मांडलं ते जवळजवळ हेच होतं: युद्ध टळणार नाही, मग ते जितक्या लवकर होईल तितकं बरं. दीड वर्षात त्याच्या मनासारखं झालं.

खासबागेत कुस्ती निकाली व्हावी म्हणून पब्लिक आरडाओरडा करतं. तिथे ते ठीक आहे. एक जण चितपट होतो, दोघं अंगावरची माती झटकून घरी जातात आणि मैदान जागेवर राहतं. युद्धाकडे आपण त्याच नजरेने बघतो. पण १९१४ च्या महायुद्धाच्या निकालातून १९३९ चं महायुद्ध जन्माला आलं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. महासत्तांमधलं मोठं युद्ध एकमेकांच्या द्वेषातून जेवढं घडतं, त्याहून जास्त ते थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांतून घडतं. दोन्ही बाजू पाच-सात वर्षांत चार वेळा कड्यापर्यंत जातात आणि परत येतात. परत आल्यावर कोण काय धडा घेतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

शाळेत आपण शिकलो की २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा खून झाला आणि पहिलं महायुद्ध पेटलं. पण राजघराण्यातले खून त्या काळातल्या युरोपला नवीन नव्हते. ऑस्ट्रियाचीच सम्राज्ञी १८९८ मध्ये जिनिव्हात मारली गेली. १९०० मध्ये इटलीच्या राजाचा आणि १९०३ मध्ये सर्बियाच्या राजाचा खून झाला. त्यातल्या एकाही खुनातून महायुद्ध झालं नाही. मग १९१४ च्याच गोळ्यांनी का झालं? याचं उत्तर आधीच्या नऊ वर्षांत आहे.

१९०५ मध्ये मोरोक्कोवरून जर्मनीने फ्रान्सला डोळे वटारून पाहिले. पुढच्या वर्षी स्पेनमधल्या अल्जेसिरासला परिषद भरली आणि तिथे जर्मनी एकटी पडली. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया-हर्जेगोव्हिना गिळंकृत केलं. रशिया चिडला, पण तीनच वर्षांपूर्वी जपानकडून मार खाल्लेला असल्यामुळे त्याच्या अंगात बळ नव्हतं. मार्च १९०९ मध्ये जर्मनीने दटावल्यावर त्याने मान तुकवली. १९११ मध्ये जर्मनीने मोरोक्कोच्या अगादीर बंदरात ‘पँथर’ नावाची तोफनौका पाठवली. ब्रिटन फ्रान्सच्या मागे उभं राहिलं आणि जर्मनीला आफ्रिकेतल्या काँगोचा एक तुकडा घेऊन गप्प बसावं लागलं. १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली. ऑक्टोबर १९१३ मध्ये ऑस्ट्रियाने निर्वाणीचा खलिता दिल्यावर सर्बियाने अल्बानियातून सैन्य काढून घेतलं.

दर वेळी युरोपने सुटकेचा निःश्वास टाकला. मुत्सद्द्यांची पाठ थोपटली गेली. त्याच वेळी सरकारांच्या मनात दोन हिशेब पक्के होत होते. ज्याची सरशी झाली त्याला वाटलं, दम दिला की समोरचा सरकतो. ज्याला सरकावं लागलं त्याने ठरवलं, आता पुन्हा नाही. बोस्नियाच्या वेळी रशियाने केलेला हा निश्चय आणि अल्बानियाच्या वेळी ऑस्ट्रियाला आलेला हा आत्मविश्वास जुलै १९१४ मध्ये समोरासमोर आले. ऑस्ट्रियाने पुन्हा खलिता धाडला. या वेळी कुणीच सरकलं नाही.

त्यात भर पडली वेळापत्रकाची. रशियाचा लष्करविस्ताराचा कार्यक्रम १९१७ च्या सुमारास पुरा व्हायचा होता आणि त्यानंतर आपला निभाव लागणार नाही, अशी भीती जर्मन सेनापतींना होती. त्यांची योजना एकच होती: आधी बेल्जियममार्गे फ्रान्सला लोळवायचं आणि मग पूर्वेकडे वळायचं. रशियाची जमवाजमव सुरू झाली की जर्मनीला एक दिवसही थांबणं परवडत नव्हतं. कैसर आणि रशियाचा झार हे नातेवाईक. अखेरच्या आठवड्यात ते एकमेकांना ‘विली’ आणि ‘निकी’ या घरगुती नावांनी तारा पाठवत होते. एक तार आल्यावर झारने सर्वसाधारण सैन्यजमावाचा हुकूम मागेही घेतला, पण दुसऱ्या दिवशी सेनापतींनी तो पुन्हा काढायला लावला. १ ऑगस्टला ब्रिटन बाहेर राहील अशी आशा कैसरला वाटली, तेव्हा त्याने मोल्टकेला सगळं सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितलं. मोल्टकेचं उत्तर होतं, हे होऊ शकत नाही. लाखो माणसांची हलवाहलव वर्षभर खपून आखलेली असते, ती ऐन वेळी बदलली तर सैन्य न राहता नुसता जमाव हाती राहील. सम्राट रेल्वेच्या आराखड्यापुढे हतबल झाला. हा प्रसंग मला साराजेव्होतल्या खुनापेक्षा जास्त भयंकर वाटतो. तेव्हा निदान दिवस हाताशी होते. आजच्या क्षेपणास्त्रांच्या हिशेबात मिनिटं असतात.

या सगळ्यात छोट्या दोस्तांची गोष्ट वेगळी सांगावी लागते, आणि ती सांगायला युरोपात जायचं कारण नाही. कोल्हापूरचं राज्य एका घरातल्या चुरशीतून उभं राहिलं. सातारचे शाहू छत्रपती आणि कोल्हापूरचे संभाजी छत्रपती यांच्यात वारसाचं भांडण होतं आणि निजाम त्यात तेल ओतत होता. १७२८ च्या पालखेडच्या लढाईनंतर निजामाचा तो डाव फसला, १७३० मध्ये संभाजी महाराजांचा पराभव झाला आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणा नदी हद्द ठरली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातली दोन लहान कलमं मात्र फारशी कुणी आठवत नाही. एक, तुमचा शत्रू तो आमचा शत्रू. दुसरं, एकाने काढून टाकलेला चाकर दुसऱ्याने ठेवून घ्यायचा नाही. ज्याने हे दुसरं कलम घातलं त्याला चुरस कशी पेटते हे नेमकं कळत होतं. आज इकडे, उद्या तिकडे करणारे सरदार दोन्ही दरबारांना एकमेकांविरुद्ध भरवत आणि स्वतःची वतनं वाढवत. त्यांचं येणं-जाणं बंद झाल्याशिवाय नदीची रेघ टिकली नसती. तह बरोबरीच्या माणसांत झाला नव्हता, कोल्हापूरची बाजू दुबळी होती, आणि पुढे पेशव्यांशी, पटवर्धनांशी कोल्हापूरच्या लढाया झाल्याच. पण दोन गाद्यांमधलं वारसायुद्ध तिथे थांबलं.

१९१४ मध्ये असं कलम नव्हतं. होता तो उलटा प्रकार. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगून टाकलं की काय वाटेल ते करा, आम्ही पाठीशी आहोत. रशिया सर्बियाच्या मागे, फ्रान्स रशियाच्या मागे. मोठ्यांनी आपल्या हातातला लगाम छोट्यांच्या हातात दिला.

आज दक्षिण चीन समुद्रात सेकंड थॉमस शोल नावाचं एक प्रवाळ बेट आहे. फिलिपिन्सने १९९९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक जुनं जहाज मुद्दाम तिथे रुतवलं. ते आता गंजून गेलंय, पण त्यावर मूठभर नौसैनिक राहतात आणि त्यांना रसद पोचवणाऱ्या होड्या चिनी तटरक्षक दलाने अनेकदा अडवल्या आहेत. १७ जून २०२४ च्या झटापटीत एका फिलिपिनो खलाशाचा अंगठा तुटला. त्याच्या काही दिवस आधी फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस सिंगापुरात म्हणाले होते की आमचा माणूस जाणूनबुजून मारला गेला तर ते आम्ही युद्धाच्या अगदी जवळचं कृत्य समजू. फिलिपिन्स आणि अमेरिका यांच्यात १९५१ चा परस्पर संरक्षण करार आहे. एका गंजलेल्या जहाजाच्या आसपास कुऱ्हाडी, चाकू घेऊन भिडलेल्या माणसांच्या हातात दोन अण्वस्त्रधारी देशांचं भांडण आलेलं आहे. आणि तिथेही दर वेळी थोडक्यात निभावतंय.

“व्यापार आहे ना, मग कशाला लढतील?” हे दुसरं आवडतं मत. आपल्या उद्योजकांना ते पटतं, कारण त्यांचा रोजचा अनुभव तसाच आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत ओतलेलं कास्टिंग मशिन शॉपमधून पुण्याला जातं, तिथून कुठल्या देशातल्या गाडीत बसतं याचा पत्ता भट्टीवरच्या माणसाला नसतो. असा एकमेकांत गुंतलेला माल बघितला की युद्ध वेडेपणा वाटतो. तो आहेही. पण १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती. १९४१ मध्ये जपान आपल्या तेलापैकी सुमारे ८० टक्के अमेरिकेकडून घेत होता. जुलै १९४१ मध्ये जपानी फौजा दक्षिण इंडोचायनात शिरल्या तशी अमेरिकेने त्यांची खाती गोठवली आणि तेल बंद झालं. मग टोकियोत घड्याळ चालू झालं. साठा रोज घटतोय, आज लढलो तर जहाजं चालतील, वर्षभराने चालणार नाहीत. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बाँब पडले. पुढेही माल मिळत राहील अशी खात्री असेल तोवरच व्यापार युद्धाला आवर घालतो. ती खात्री गेली की त्याच व्यापाराचा फास होतो.

गगनबावड्याचे रामचंद्रपंत अमात्य अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगून गेले की टोपीकर सावकार, म्हणजे युरोपीय व्यापारी, इतर सावकारांसारखे समजू नका, त्यांच्या मागे त्यांची राज्यं उभी असतात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचा आयातकर १४५ टक्क्यांपर्यंत नेला आणि चीनने दुर्मीळ खनिजांच्या लोहचुंबकांवर निर्यातीचे निर्बंध घातले, तेव्हा भारतातल्या वाहन कंपन्यांचंसुद्धा गणित बिघडलं. पुढे दोघांनी हात आखडता घेतला. पण अडवायची जागा कुठे आहे हे दोघांनाही कळून चुकलं. आता दोघंही आपापलं अवलंबित्व कमी करण्यासाठी पैसा ओतत आहेत. ते जसजसं कमी होईल तसतसा लढाईला असलेला एक अडसर दूर होईल. व्यापाराच्या भरवशावर निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कुणी म्हणेल, त्यांची भांडणं त्यांना लखलाभ, आपला काय संबंध? पहिल्या महायुद्धात भारतातून तेरा लाखांच्या आसपास माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी सैन्यभरतीला मोठा हातभार लावला होता. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कुतच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या अडकल्या. धान्य संपल्यावर घोडी आणि खेचरं कापली जाऊ लागली. ते मांस धर्मामुळे बऱ्याच भारतीय शिपायांनी नाकारलं आणि ते स्कर्व्हीच्या रोगाने, उपासाने झिजले. शेवटी सुमारे १३ हजार जण तुर्कांच्या कैदेत गेले आणि त्यातले कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत संपले. बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्गच्या अहंकाराशी या शेतकऱ्यांच्या पोरांचं काहीही देणंघेणं नव्हतं. युद्ध संपता संपता, जून १९१८ मध्ये, मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा आत आला आणि देशात एक कोटीहून अधिक माणसं मेली.

दुसऱ्या युद्धाची खूण तर आपल्या रोजच्या वाटेवर आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आपण गांधीनगरला जातो. साड्यांचे गठ्ठे, होलसेलच्या पेढ्या, टेम्पोंची गर्दी. त्या जागेवर १९४३ ते १९४८ या काळात वळिवडेची पोलिश छावणी होती. जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सही करून पोलंड आपसात वाटून घेतलं. पूर्वेकडची कुटुंबं १९४० मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरियाला नि कझाकस्तानला धाडली गेली. जून १९४१ मध्ये ते दोन वाटेकरी आपसात लढायला लागले, तेव्हा कुठे या लोकांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती इथवर आली. पंचगंगेच्या काठच्या मुलखात त्यांनी चर्च उभारलं, शाळा चालवल्या, कौलारू बराकींपुढे फुलझाडं लावली. युद्ध संपलं तरी त्यातल्या अनेकांना गावी जाता आलं नाही, कारण त्यांचं गाव आता सोव्हिएत हद्दीत होतं. ती इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे पांगली. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी आले, आणि त्यांनी तिथे बाजारपेठ वसवली. महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. कोल्हापूरने माणुसकी दाखवली याचा मलाही अभिमान आहे. पण आपण त्या गोष्टीचा एवढाच भाग सांगतो. एकाच जागेवर पाच वर्षांत दोन वेळा बेघर माणसं का आली, हा त्यातला मोठा भाग आहे.

याच पोलंडवरून एक रास्त आक्षेप येतो. १९३८ मध्ये म्युनिचच्या परिषदेत ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनने माघार घेऊन हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडू दिला म्हणून तर तो सोकावला आणि पोलंडवर गेला. मग दर वेळी नमतं घ्यायचं का? नाही. ज्याला युद्धच हवं आहे त्याच्यापुढे सरकून उपयोग नसतो, तिथे वेळेवर उभं राहावं लागतं. म्हणून प्रत्येक चुरशीला म्युनिच समजणंही तितकंच घातक आहे. १९१४ मध्ये प्रत्येक राजधानी स्वतःला म्हणत होती की या वेळी सरकलो तर संपलो. मुद्द्यावर ठाम राहायचं आणि समोरच्याला तोंड न काळं होता मागे जायला वाट ठेवायची, ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. अवघड आहे, पण झालेलं आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबावरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ कड्यावर उभे होते. २७ तारखेला क्युबावर एक अमेरिकन टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक ठार झाला. त्याच दिवशी समुद्राखाली अडकलेल्या एका सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्राचा टॉर्पेडो सोडण्याची गोष्ट निघाली होती आणि वसिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने तिला विरोध केला. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने क्युबातली क्षेपणास्त्रं हलवली. बदल्यात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष केनेडीने तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप कबूल केलं. इथवर हे अगादीरसारखंच, थोडक्यात निभावलेलं. फरक नंतर पडला. दोघंही घाबरले आणि आपण घाबरलो हे त्यांनी स्वतःशी मान्य केलं. जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइनचा करार झाला, ऑगस्टमध्ये अणुचाचण्यांवर अंशतः बंदी आली. १९७२ मध्ये तर समुद्रात एकमेकांच्या युद्धनौकांनी कसं वागायचं याचेही नियम लिहिले गेले.

आता ती लहान कलमं एकेक करून गळताहेत. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार ऑगस्ट २०१९ मध्ये संपला. अमेरिका आणि रशियाच्या तैनात अण्वस्त्रांना प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती पेलोसी तैवानला गेल्यावर चीनने अमेरिकेशी असलेला वरच्या पातळीवरचा लष्करी संवाद तोडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेवरून जाणारा चिनी बलून पाडल्यावर अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी फोन लावला, तर पलीकडून तो घेतलाच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांचे राष्ट्राध्यक्ष भेटले तेव्हा कुठे तो संवाद पुन्हा जोडला गेला. म्हणजे सव्वा वर्ष जगातली सर्वात धोकादायक तेढ नियमित लष्करी संवादाविना चालली होती.

अशा कलमांचं मोल आपल्याला तरी कळायला हवं. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. दगड, काठ्या, खिळे ठोकलेले दंडुके अशी ती मारामारी होती. एवढ्या संतापातही गोळी सुटली नाही, याला चीनशी झालेला १९९६ चा एक करार कारण आहे. ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. ते कलम लिहिलं गेलं तेव्हा त्याची कुणी फुलं उधळून आरती केली नसणार. चोवीस वर्षांनी त्याने दोन अण्वस्त्रधारी देशांमधलं युद्ध अडवलं, असं माझं ठाम मत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधल्या देपसांग आणि देमचोकच्या गस्तीबद्दल समझोता झाला. हेही तसंच कंटाळवाणं, किचकट काम. सैन्याची ताकद वाढवलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ताकदीएवढंच या कामाला महत्त्व आहे आणि त्याला मतं मिळत नाहीत, म्हणून ते मागे पडतं.

खासदार दारात येतात तेव्हा आपण उसाचा दर विचारतो, पंचगंगेच्या प्रदूषणाचं विचारतो, विमानतळाचं विचारतो. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, जिथल्या गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याच्या घराघरांतून मुलं फौजेत जातात, त्या जिल्ह्याने आणखी एक गोष्ट विचारायला हवी. १९८८ मध्ये भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत. कारगिलनंतरच्या जानेवारीतही त्या दिल्या गेल्या, २६/११ नंतर महिनाभराने आलेल्या जानेवारीतही. मे २०२५ मध्ये चार दिवस लढाई झाली आणि १० मे रोजी दुपारी दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांच्या फोनवर ती थांबली. तो फोन आणि ती यादी यांच्यासारखी आणखी किती कलमं आपल्याकडे चीनशी आणि पाकिस्तानशी शाबूत आहेत, कुठल्यांची मुदत संपत आली आहे आणि नवीन कुठली लिहिली जात आहेत, हे आपल्या खासदाराने संसदेत विचारावं आणि मिळालेलं उत्तर इथे येऊन जाहीर सभेत सांगावं.